सतरा तारखेचं पान

"एक पान, काकी. एकच पान! सोळाचं उलटायचं आणि अठराचं उघडायचं. काय बिघडतं?"

"मधला दिवस."

"कोणाच्या लक्षात येणार आहे?"

"तुझ्या."

भालचंद्र कुबल खोलीत एक फेरी मारून परत आला. तिसरी फेरी. दुपारी तीनला आल्यापासून तो हेच मागत होता. आधी हसून मागितलं, मग लाडात येऊन, आता आवाज चढवून. मोठ्या हुद्द्यावरून उतरलेली माणसं मागायला आली की अशीच मागतात. मागायची सवय मोडलेली असते ना!

द्वारकाबाई पेडणेकर स्टुलावर बसून तेलाचं पितळी भांडं चिंचेनं घासत होत्या. वय ब्याऐंशी. भांडं त्यांच्याहून जुनं.

सावरटेंबच्या दीपगृहाखाली दोन खोल्यांचं हे संग्रहालय. एके काळी याच खोल्यांत बत्तीवाल्यांचे संसार होते. टेंबावरची, टेकडीच्या टोकावरची बत्ती आता आपली आपण पेटते, आपली आपण विझते, तिला माणूस लागत नाही. म्हणून माणसाला लागणाऱ्या वस्तू खाली आणून मांडल्या. वजनाची साखळी, पितळी बटणांचा कोट, हवेचा दाब सांगणारं घड्याळ, पुरुषभर उंचीचं जुनं भिंग. आणि खिडकीपासून लांब, काचेच्या पेटीत, बत्तीच्या रोजनिशीची जाडजूड वही.

वह्या तशा चाळीस-पन्नास होत्या. बाकीच्या वाळवीनं खाल्ल्या. ही एक राहिली. एकाच वर्षाची.

संग्रहालय उघडलं त्या दिवसापासून बाईंनी नियम धरला. सकाळी दार उघडायचं, पेटीचं कुलूप काढायचं, आणि जी तारीख असेल त्या तारखेचं पान उघडून ठेवायचं. नऊ वर्षं झाली. अंगात ताप असतानासुद्धा त्या पान उघडून मग आडव्या झाल्या होत्या.

आज सोळा नोव्हेंबर. पान सोळाचं.

उद्या सतरा.

आणि सतरा तारखेच्या पानावर काय असणार, हे भालचंद्राला पाठ होतं. आज पेटीवरची सूचना वाचेपर्यंत त्याला एवढंच ठाऊक नव्हतं, की ते पान दर वर्षी जगाला दाखवलं जातं.

"उद्या कोण कोण येणार आहे माहीत आहे ना तुम्हाला?"

"दोनदा सांगितलंस."

"खात्यातले मोठे साहेब. माझी लेक. जावई. जावयाचे वडील, ते तर मुंबईहून मुद्दाम येतायत. सगळे या खोलीत उभे राहणार, या पेटीसमोर. आणि मला शाल घालणार!"

"घालू दे. थंडी पडायला लागलीय."

त्यानं खिशातून निमंत्रणाचं कार्ड काढलं आणि बाईंच्या नाकासमोर धरलं. बाईंनी हात फडक्याला पुसले, कार्ड लांब धरून वाचलं.

" 'ज्यांच्या चौतीस वर्षांच्या सेवेत दिवा एकदाही थांबला नाही...' कोणी छापलं हे?"

"समितीनं."

"समितीला कोणी सांगितलं?"

"..."

"बरं," म्हणत बाईंनी कार्ड परत दिलं आणि पुन्हा चिंच हातात घेतली.

पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत सरकलं. ते भिंगाच्या कडेला टेकलं न टेकलं तोच भालचंद्र उठला आणि तावातावानं बोलता बोलताच त्यानं भिंगावरचा जाड पडदा ओढून घेतला. असलं भिंग उन्हात उघडं टाकायचं नसतं. लांबवर कोळ्यांना वाट दाखवणारी काच ती, ऊन सापडलं की समोर येईल ते जाळते. बाईंच्या नवऱ्याची खुंटीवरची टोपी तिनं एकदा टांगल्या जागी जाळली होती.

"हात विसरला नाही तुझा," बाई म्हणाल्या.

"तुम्हीच शिकवलंय."

"मग तेवढंच लक्षात ठेवलंस?"

त्याला बत्ती शिकवली ती खरोखर बाईंनीच. मुख्य रक्षक म्हणून नेमणूक नवऱ्याची, अनंत पेडणेकरांची. पण त्यांना दमा. दीडशे पायऱ्या चढून वर जायचं तर अर्धा तास नुसते कठड्याला धरून उभे राहायचे. तेव्हा कागदावर नाव नवऱ्याचं आणि जिन्यावर पाय बाईंचे, असं वर्षानुवर्षं चाललं. भिंतीवरच्या फलकावर रक्षकांची अकरा नावं आहेत. बाईंचं नाही. त्या रोज तो फलक पुसतात.

पंचविशीतला भालू मदतनीस म्हणून आला तेव्हा पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं होतं, "दिवा कसा लावायचा, काकी?"

"लावता कोणालाही येतो," बाई म्हणाल्या होत्या. "तू जागायला ये."

कामही तेवढंच होतं. भिंग फिरायचं ते वजनावर. विहिरीत पोहरा सोडावा तसं मनोऱ्याच्या पोटातून वजन खाली उतरत जायचं, आणि त्याच्या ओढीनं वर भिंग फिरायचं. दर दोन तासांनी दांडा फिरवून ते वजन पुन्हा वर आणायचं. वजन तळाला टेकलं की भिंग थांबलं. संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंतची पाळी बाईंची. मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंतची भालूची.

सतरा तारखेच्या पहाटे त्याच्या पाळीला वजन तळाला टेकलं होतं.

"मी लपवलं का?" भालचंद्र एकदम उसळला. "सांगा ना! लपवलं का मी? त्याच रात्री माझ्या हातानं पाटीवर लिहिलं. दुसरा कोणी असता तर गुपचूप वजन वर ओढून मोकळा झाला असता!"

पाटी तिथंच, खुंटीला टांगलेली होती. लाकडी चौकटीची, काळी, कोरी. रात्री जे घडेल ते आधी खडूनं पाटीवर लिहायचं. मग सकाळी मुख्य रक्षकानं त्याचा उतारा शाईनं वहीत करायचा आणि पाटी पुसायची. जगभर काय रीत असेल ती असो, सावरटेंबची ही.

"काय लिहिलं होतंस?"

"शब्द न् शब्द पाठ आहे."

"म्हण."

तो पाठ म्हणणाऱ्या पोरासारखा ताठ झाला. " 'दोन वाजून दहा ते दोन पन्नास. वजन तळाला. भिंग थांबलेलं. मी झोपलो होतो. भा. कुबल.' "

"सही केलीस?"

"केली."

"शाबास."

शाबासकी खरी की टोमणा, ते त्याला कळेना. बाईंचं हे पहिल्यापासूनच होतं.

"तेव्हा खरं लिहायला घाबरला नाहीस," बाई म्हणाल्या, "आणि आता?"

"तेव्हा माझ्याकडं होतं काय जायला?"

हे मात्र तो खरं बोलला. आणि बोलून झाल्यावर खिडकीच्या कट्ट्यावर बसला. काखेतली चौकट त्यानं गुडघ्यांवर आडवी धरली. वर्तमानपत्रात बांधलेली, त्याचाच फोटो, उद्या भिंतीला लावायचा.

"दमलोय मी, काकी."

"दिसतंय."

"त्या रात्रीनंतर मी पाळीवर कधी डोळा मिटला नाही. सात ठिकाणी बदल्या झाल्या. सात मनोरे चढलो. कुठंच नाही मिटला. घरीसुद्धा नाही. बायको म्हणायची, तुम्ही माझ्या शेजारी झोपता की राखण करता? ... ती गेली त्या पहाटेही मी जागाच होतो. तिचा श्वास मोजत."

बाईंनी भांडं बाजूला ठेवलं.

"वर्षभर वाट बघितली. आज ठपक्याचा कागद येईल, उद्या येईल. आला नाही. मला वाटलं, कचेरीत कोणी ते पान वाचलंच नसेल. कोण वाचतंय एवढ्या वह्या! मग बढती आली. मग दुसरी आली. दर वेळी पेढे वाटताना मनात यायचं... ते पान कुठं तरी आहे." त्यानं मान वर केली. "उद्याचा एक दिवस मला नुसता मिरवू द्या. परवा उघडा ते पान. परवा चावडीवर वाचा, दवंडी पिटा. उद्या नको."

पडद्याआड भिंग तापत होतं.

मग बाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, मधे एकदा थांबून. कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्या हातात दिली.

"उघड."

"काय?"

"पेटी. उद्याचं पान आजच वाच."

"मला पाठ आहे म्हटलं ना."

"वाच तर."

त्यानं कुलूप काढलं. काच वर केली. वहीला रॉकेलचा जुना वास होता. सोळाचं पान त्यानं दोन बोटांनी उचललं आणि उलटलं.

सतरा नोव्हेंबर. निळी शाई. गोल, मोठं, शाळा अर्धवट सुटलेल्या पण हट्टानं अक्षर कमावलेल्या माणसाचं अक्षर.

'रात्रभर दिवा पेटता होता. वारा मंद. आकाश निरभ्र. विशेष काही नाही.'

त्यानं ते तीनदा वाचलं. एक पान मागं गेला, एक पान पुढं गेला, परत आला.

"हे..."

"माझं अक्षर."

"पण पाटीवर मी..."

"होतं. सहा वाजता वाचलं मी. आत हे खोकत होते, त्या आठवड्यात त्यांना पेनसुद्धा धरवत नव्हतं, उतारा मीच करायची. तू अंगणात तोंड धूत होतास. किती वेळ धूत होतास! बाराव्या दिवशी तुझं लग्न." बाईंनी पदरानं ओठ टिपले. "दया आली मला. तेवढं सोडून बाकीचं उतरवलं. आणि पाटी ओल्या फडक्यानं पुसली."

"मला सांगितलं नाहीत!"

"चौथ्या दिवशी तू लग्नाच्या रजेवर गेलास. तिकडूनच बदलीवर गेलास. आणि आजवर कधी विचारलं नाहीस."

भालचंद्राच्या तोंडून विचित्र आवाज आला. तो हसत होता. चौतीस वर्षं ज्या पानानं त्याला जागं ठेवलं, ते पान कधी लिहिलंच गेलं नव्हतं. तो हसत हसत कट्ट्यावर बसला, पुन्हा उठला, पुन्हा पेटीपाशी गेला.

"आणि खोटं तरी कुठं आहे हे? काकी, बघा ना! 'पेटता होता.' पेटताच होता! विझला कुठं होता? ज्योत होतीच की. फक्त फिरत नव्हता."

"हो. पेटता होता."

"मग?"

"डोंगराकडं तोंड करून."

त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता. त्यानं वर्तमानपत्र टराटरा फाडून चौकट मोकळी केली. फोटोतला भालचंद्र टोपी घालून, छाती काढून उभा. मग तो भिंतीवर खिळा शोधू लागला.

"राहू दे पान. सतराचंच ठेवा उद्या. उलट बरंच आहे! साहेबांना मीच दाखवतो. म्हणतो, बघा, त्या काळी नोंदी कशा चोख ठेवायचे."

"मिटलं तुझं भांडण?"

"मिटलं, काकी. मिटलंच!"

"माझं कुठं मिटलंय..."

खिळा सापडला होता. चौकट अडकवायला वर केलेले त्याचे हात तसेच राहिले.

"बाबल तारी आठवतो?" बाईंनी विचारलं.

"कोण... तो तांडेल?" होडीचा म्होरक्या तो तांडेल, इकडं पोरंसोरंही जाणतात. "त्याची होडी फुटली होती ना? मी रजेवर निघायच्या आधी बोलत होते सगळे. नंतर कानावर आलं, प्यालेला होता म्हणे."

"कोण म्हणे?"

"सगळेच."

"बाबलबरोबर बसून प्यालेला एक माणूस दाखव."

भालचंद्रानं चौकट खाली घेतली.

"पाटी मी सहाला पुसली," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भांडं घासताना होता तेवढाच होता. "शाई वाळली. वही मिटली. चूल पेटवली. नवाच्या सुमाराला खालून माणसं ओरडत आली. बाबलची होडी काळ्या खडपावर फुटली होती. दोघं गेले. एक त्याचा धाकटा भाऊ, मुरारी. सव्वीस वर्षांचा होता."

खाली खाडीत कुणाच्या तरी होडीचं मशीन फटफटत होतं, ते बंद पडलं.

चौतीस वर्षांत भालचंद्रानं एक प्रश्न कुणाला विचारला नव्हता. तोंडाशी आला की तो घोट घेऊन गिळायचा. आज त्याला गिळता आला नाही.

"किती... वाजता?"

"अडीच."

"..."

"तू रजेवर गेल्यावर साहेब चौकशीला आले. बाबल म्हणाला, बत्ती दिसली नाही. डोळे फोडून बघत होतो, दिसली नाही. साहेबांनी वही मागितली."

"आणि?"

"वहीत दिवा पेटता होता."

"मग दारू कुठून आली?"

"कुठून तरी आणायलाच हवी होती. दिवा होता. आभाळ निरभ्र होतं. वारा मंद होता. मग उरलं कोण? माणूसच ना! त्यानं थेंब घेतला नव्हता जन्मात. त्यानंतर त्याच्या होडीवर कोणी पाय ठेवला नाही. पोरीचं लग्न दोनदा ठरून मोडलं. दुसऱ्यांची जाळी शिवतो आता."

"आहे? ... आहे अजून?"

"दर वर्षी सतराला येतो. दहाच्या ठोक्याला. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. चपला बाहेर काढतो, देवळात आल्यासारखा. किती सांगितलं, बाबल, इथं चपला चालतात, पण नाही. या पेटीपाशी उभा राहतो आणि म्हणतो, 'वैनी, हयसर काय लिवलला आसा?' "

"त्याला... वाचता येत नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही?"

"वाचून दाखवते."

"हे?"

"जे लिहिलंय ते."

भालचंद्रानं वहीकडं बघितलं. चार ओळी होत्या. मोठ्यानं वाचायला किती लागतील? दहा आकडे मोजण्याइतका वेळ.

"ऐकून काय म्हणतो?"

"दर वर्षी तेच. 'माका दिसली नाय, वैनी.' एवढं म्हणतो. ओरडत नाही, रडत नाही. चपला घालतो आणि जातो."

"आणि तुम्ही गप्प!" भालचंद्राचा आवाज फुटला. "नऊ वर्षं! नऊ वेळा तो तुमच्यासमोर उभा राहिला, आणि तुम्ही त्याला हे वाचून दाखवलंत! आणि मला मघापासून शिकवताय? पानाचा नियम, मधला दिवस... एकदा तरी तोंड उघडून खरं सांगायचं!"

"हो."

"हो काय? का नाही सांगितलंत?"

बाई पडद्याच्या कडेला पडलेल्या उन्हाच्या पट्टीकडं बघत राहिल्या.

"खोटं माझं होतं," त्या म्हणाल्या. "तेवढं मी वाचत आले. खरं तुझं होतं. पाटीवर सही तुझी होती."

"ही पळवाट आहे, काकी."

"आहे."

इतकं सरळ कबूल केल्यावर माणसानं भांडावं कुणाशी? भालचंद्रानं चौकट भिंतीला टेकवून खाली ठेवली. फोटोतला माणूस त्याच्या गुडघ्यांकडं बघत राहिला.

"उद्या येईल तो?"

"मरेपर्यंत येईल."

"पण उद्या साडेदहाला समारंभ आहे! साहेब दहालाच पोचतील. लेक असेल. व्याही असतील." तो दोन पावलं पुढं आला. "निरोप पाठवा त्याला. म्हणावं, उद्या दुपारी ये. नाही तर परवा ये. एकच दिवस..."

"मघाशी पान थांबवायला सांगत होतास. आता माणूस?"

भालचंद्र ती दोन पावलं मागं गेला.

ऊन खिडकीतून निघून गेलं. बाईंनी भिंगावरचा पडदा बाजूला सारला. भिंग पुन्हा नुसती काच झालं, गार, हिरवट. त्यात भालचंद्र उभा होता, चाळीस तुकड्यांत, प्रत्येक तुकड्यात उलटा.

मग बाई खुंटीपाशी गेल्या. टाचा उंचावून पाटी उतरवली. बादलीतलं फडकं पिळलं आणि पाटी पुसली. कोरीच होती, तरी पुसली, चारही कोपऱ्यांपर्यंत. वाळायला थांबल्या. पाटी त्यांनी काचपेटीवर, उघड्या पानाच्या शेजारी ठेवली. टेबलाच्या खणात चाचपून खडूचा तुकडा काढला आणि तो पाटीवर ठेवला.

भालचंद्र बघत राहिला. डावीकडं निळी शाई. उजवीकडं काही नाही.

"काकी... साहेबांसमोर?"

"..."

"लेकीसमोर?"

"..."

"कार्डावर छापलंय हो! सगळ्यांनी वाचलंय ते!"

"बाबलनं नाही वाचलं."

तो कट्ट्यावर बसला. आता त्याच्या चेहऱ्यावर दहा वर्षं परत आली होती, वर आणखी पाच घेऊन.

"मला झेपायचं नाही."

बाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. पंचविशीतला पोरगा अंगणात तोंड धुताना पाहिला होता, तसं. आज मात्र त्यांच्या हातात पेन नव्हतं.

त्यांनी तेलाचं भांडं पुसून फळीवर ठेवलं. चिंचेचं पाणी अंगणात नारळाच्या बुंध्याशी ओतलं. चपला पायात सरकवल्या, एक आधी, दुसरी सापडायला वेळ लागला. टेंबावर बत्ती आपली आपण पेटली होती. समुद्रावरून एक फिकट पट्टा गेला, डोंगरावरून गेला, पुन्हा समुद्रावर आला.

"काकी, किल्ली राहिली माझ्याकडं."

"राहू दे."

"सकाळी दार कोण उघडणार?"

बाई पायरी उतरत होत्या. कठड्याला हात होता.

"तुम्ही येणार ना उद्या? ... काकी? तो आला, आणि त्यानं विचारलं, इथं काय लिहिलंय, तर त्याला वाचून कोण दाखवणार?"

त्या थांबल्या. मागं वळल्या नाहीत.

"नऊ वेळा वाचलं मी, भालू, आता घसा बसला... बाबल दहाला येतो, उद्याची पाळी तुझी."